दुसऱ्या पसंतीचे मोल

ह्या शालेय वर्षाच्या आरंभी आमच्या नववीच्या वर्गात वर्गनायकाची निवडणूक झाली, ती वर्गातील मुलांच्या अद्याप स्मरणात असेल. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक पालक आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ चाकणच्या जुन्या गावठाणातील, कांद्याची शेती करणारे, बोलण्यास मोकळे. ते म्हणाले, “सर, माझ्या पोराला अठरा मतं पडली. सगळ्यांत जास्त. पंधरावाला निवडून आला आणि अठरावाला पडला, हा कुठला न्याय?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोन शब्दांत देता येण्याजोगे नव्हते. त्यांस बसवून घेऊन आम्ही जे सांगितले तेच थोड्या विस्ताराने येथे लिहून ठेवीत आहो. कारण ज्या पद्धतीने आमच्या वर्गात मते मोजली, त्याच पद्धतीने आपल्या देशाचा राष्ट्रपती निवडला जातो, व त्या निवडणुकीच्या इतिहासात एका महाराष्ट्रीय पुरुषाच्या पराभवाला विशेष महत्त्व आहे.

प्रथम वर्गातील हकीकत. मुले बेचाळीस. उमेदवार तीन. एक गावठाणातला, एक कारखान्यांच्या नोकरीसाठी येथे येऊन राहिलेल्या कुटुंबातला, व तिसरी एका वाडीवरून रोज पायी येणारी मुलगी. मागील वर्षी साध्या बहुमताने निवड केली, तेव्हा गावातील मुले एकीकडे व बाहेरून आलेली मुले दुसरीकडे अशी फूट पडून ती वर्षभर टिकली होती. म्हणून ह्या खेपेस आम्ही ठरविले की, प्रत्येकाने चिठ्ठीवर तिन्ही नावांपुढे आपली पसंती १, २, ३ अशा आकड्यांनी लिहावी. निवडून येण्यास निम्म्याहून अधिक, म्हणजे बावीस मते हवीत. ती कोणास न मिळाल्यास सर्वांत मागे राहिलेला उमेदवार बाद करून त्याच्या चिठ्ठ्यांवरील दुसरी पसंती पाहावी व त्याप्रमाणे त्या चिठ्ठ्या उरलेल्यांत वाटाव्या. शेवटी दोघांची बरोबरी झाल्यास पहिल्या पसंतीची मते ज्याची अधिक, तो निवडून आला असे समजावे.

मोजणीत पहिल्या उमेदवारास अठरा, दुसऱ्यास पंधरा व मुलीस नऊ चिठ्ठ्या मिळाल्या. मुलगी बाद झाली. तिच्या नऊ चिठ्ठ्यांपैकी सहांवर दुसऱ्या मुलाचे नाव दुसरे होते, दोहोंवर पहिल्याचे. नवव्या चिठ्ठीवर दुसरा आकडाच नव्हता. येणेप्रमाणे दुसऱ्याचे एकवीस झाले व पहिल्याचे वीस. बावीसचा आकडा कोणीही गाठला नाही. तेव्हा मागे राहिलेला बाद करावयाचा ह्याच नियमाने वीसवाला बाद होऊन एकवीसवाला वर्गनायक झाला.

आता राष्ट्रपतींच्या निवडणुकीकडे वळू. आपल्या राज्यघटनेच्या ५४ व्या व ५५ व्या कलमांत तिची रीत सांगितली आहे. राष्ट्रपतीस आपण नागरिक प्रत्यक्ष मत देत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांतील निवडून आलेले सभासद व राज्यांच्या विधानसभांतील निवडून आलेले सभासद मिळून एक निर्वाचकगण होतो, तो राष्ट्रपतीस निवडतो. राष्ट्रपतींनी नेमलेल्या सभासदांस हे मत नाही, व विधानपरिषदेच्या सभासदांसही नाही. घटना तयार होत असता थेट जनतेनेच राष्ट्रपती निवडावा असा आग्रह प्राध्यापक के. टी. शहा ह्यांनी धरला होता. तो मान्य झाला नाही. कारण राज्यकारभाराची खरी जबाबदारी लोकसभेस उत्तरदायी असलेल्या मंत्रिमंडळावर ठेवावयाची होती. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९४८ च्या नोव्हेंबरात घटनासमितीपुढे स्पष्ट केले की, आपला राष्ट्रपती हा राष्ट्राचा प्रमुख आहे, परंतु राज्यकारभाराचा प्रमुख नाही. सर्व देशाने निवडलेला राष्ट्रपती व लोकसभेने निवडलेला पंतप्रधान असे दोन तुल्यबळ पुरुष समोरासमोर उभे राहिले असते, तर तंटा ठरलेलाच होता. शहा ह्यांनी पुढे १९५२ साली स्वतःच डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्याविरुद्ध ही निवडणूक लढविली. राजेंद्रप्रसादांस ५,०७,४०० मते पडली, शहांस ९२,८२७.

हे आकडे पाहून कोणी विचारील की, आमदार-खासदार मिळून जर काही हजारच, तर मते लाखांनी कशी? ह्याचे कारण असे की, येथे प्रत्येक मताला मूल्य असते. राज्याच्या लोकसंख्येस विधानसभेच्या निर्वाचित सभासदांच्या संख्येने भागावे व आलेल्या भागाकारास पुन्हा एक हजाराने भागावे, म्हणजे त्या राज्यातील एका आमदाराच्या मताचे मूल्य निघते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. विधानसभेच्या जागा २८८. मुलांनी भागाकार करून पाहावा. उत्तर १७५ येईल. उत्तर प्रदेशातील आमदाराचे मूल्य २०८ व सिक्कीममधील आमदाराचे ७ आहे. सर्व आमदारांच्या मतांची जी बेरीज होते तिला संसदेच्या निर्वाचित सभासदांच्या संख्येने भागले असता एका खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. २०२२ च्या निवडणुकीत ते ७०० होते. ह्या योजनेमुळे एका पारड्यात सर्व राज्ये व दुसऱ्यात संसद अशी दोन्ही पारडी जवळजवळ समतोल राहतात.

येथे चाकणकरांनी लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. मूल्य काढण्यास अद्याप १९७१ चीच लोकसंख्या धरली जाते. ज्या राज्यांनी लोकसंख्येची वाढ आवरली त्यांचे वजन त्यामुळे घटू नये, म्हणून घटनादुरुस्ती करून हा आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत कायम केला आहे. १९७१ साली चाकणला आजची औद्योगिक वसाहत नव्हती. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांचे आजोबा त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यांत, काहींचे तर दुसऱ्या राज्यांत मोजले गेले असतील. तथापि पालकांचे मत ह्या निवडणुकीपासून फार दूर आहे असे समजू नये. २० नोव्हेंबर २०२४ रोजी खेड आळंदी मतदारसंघातील मतदारांनी जो आमदार निवडला, त्याच्या हाती हे १७५ मूल्याचे मत असते. आपण बाजाराच्या दिवशी रांगेत उभे राहून जे बटण दाबतो, त्याचा धागा अशा रीतीने राष्ट्रपतिभवनापर्यंत जातो.

मत देण्याची रीतही निराळी आहे. येथे यंत्र नसते, कागदाची मतपत्रिका असते. खासदारांस हिरवी व आमदारांस गुलाबी. तिच्यावर पक्षाची चिन्हे नसतात. मतदार नावांपुढे १, २, ३ असे आकडे आपल्या पसंतीच्या क्रमाने लिहितो. पहिला आकडा न लिहिल्यास मतपत्रिका बाद होते; पुढचे आकडे लिहिणे मात्र त्याच्या खुषीवर असते. मत गुप्त असते व कोणत्याही पक्षास आपल्या सभासदांवर ह्या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही. निवडून येण्यास वैध मतांच्या एकूण मूल्याच्या निम्म्याहून अधिक मूल्य लागते. ते कोणास न मिळाल्यास आमच्या वर्गाप्रमाणेच शेवटच्या उमेदवारास बाद करीत जावयाचे.

बहुतेक वेळा पहिल्याच मोजणीत निकाल लागतो. २००७ साली आपल्या जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या श्रीमती प्रतिभाताई पाटील ६,३८,११६ मते मिळवून राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत ह्यांस ३,३१,३०६ मते होती. ह्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री व पहिल्या महाराष्ट्रीय. तेथे दुसरी पसंती पाहण्याचे कारणच पडले नाही. २०२२ साली श्रीमती द्रौपदी मुर्मू ह्यांची निवडही पहिल्याच मोजणीत झाली. दुसऱ्या पसंतीवाचून राष्ट्रपती ठरला नाही असा प्रसंग २०२२ पर्यंतच्या इतिहासात एकदाच आला. तो १९६९ साली.

त्या वर्षी ३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन पदावर असतानाच निवर्तले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हे त्यांचे काम पाहू लागले. काँग्रेस पक्षाने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी ह्यांस उमेदवारी दिली. परंतु पक्षाचे जुने पुढारी व पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी ह्यांच्यात त्या वेळी तीव्र बेबनाव झाला होता. गिरी ह्यांनी २० जुलै रोजी राजीनामा देऊन स्वतंत्रपणे निवडणूक लढविण्याचे ठरविले. मध्यंतरी सरन्यायाधीश हिदायतुल्ला ह्यांनी राष्ट्रपतींचे काम पाहिले.

तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले व संस्कृतातील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी झाले. पुढे इंग्लंडात आय.सी.एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले व १९५० साली देशाचे अर्थमंत्री. १९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या वेळी मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्राकडे ठेवण्याचे ठरले, तेव्हा तो निर्णय न पटल्यामुळे त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. कालिदासाच्या मेघदूताचे मराठी भाषांतर करण्याइतकी रसिकताही त्यांच्या ठायी होती. १९६९ साली त्यांचे वय त्र्याहत्तर होते. स्वतंत्र पक्ष व जनसंघ ह्यांनी त्यांस पाठिंबा दिला.

ते निवडून येतील अशी आशा थोड्यांनाच होती. परंतु त्यांच्या मतपत्रिकांवर दुसऱ्या पसंतीचे नाव कोणाचे, ह्यास सर्वांच्या लेखी मोल आले. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा ह्यांनी ह्या दोन पक्षांच्या पुढाऱ्यांस भेटून त्यांची दुसरी पसंती रेड्डी ह्यांस मिळावी अशी खटपट केली. त्यावरून वादळ उठले, आणि इंदिरा गांधींनी सभासदांनी आपल्या विवेकास स्मरून मत द्यावे असे आवाहन केले. १६ ऑगस्ट रोजी मतदान झाले, २० ऑगस्ट रोजी मोजणी.

पहिल्या पसंतीचे आकडे असे होते:

गिरी — ४,०१,५१५
रेड्डी — ३,१३,५४८
देशमुख — १,१२,७६९
इतर सर्व मिळून — ८,५०५

एकूण ८,३६,३३७. निवडून येण्यास ४,१८,१६९ हवीत. गिरी पुढे होते, परंतु १६,६५४ मते कमी पडत होती. तेव्हा लहान उमेदवारांपासून आरंभ करून एकेकास बाद करीत गेले, व सर्वांच्या शेवटी देशमुख बाद होऊन त्यांच्या मतपत्रिका वाटल्या गेल्या. ह्या सर्व वाटपात रेड्डी ह्यांस ९१,८७९ मूल्याची नवी मते मिळाली व गिरी ह्यांस केवळ १८,५६२. म्हणजे वाटल्या गेलेल्या मतांचा साधारण सहावा हिस्साच गिरींकडे आला. परंतु त्यांस लागत होते त्याहून ते १,९०८ ने अधिक होते. अखेरची बेरीज गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ अशी झाली, आणि २४ ऑगस्ट रोजी गिरी ह्यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात काँग्रेस पक्ष दुभंगला. देशाच्या राजकीय नेतृत्वाला जे वळण त्यानंतर लागले, त्यात ह्या मोजणीचा वाटा मोठा होता.

हे आकडे सावकाश पाहिले असता तीन गोष्टी ध्यानी येतात.

पहिली ही की, हरणाऱ्यास दिलेले मत वाया जाते हा समज येथे लागू पडत नाही. देशमुखांच्या मतदारांनी आपल्या मनातील पहिले नाव निर्भयपणे लिहिले, आणि तो मनुष्य मागे पडल्यावरही अखेरच्या दोघांत कोण बरा, हे सांगण्याचा त्यांचा हक्क शाबूत राहिला. राष्ट्रपती कोण होणार हे त्यांच्या कागदांवाचून ठरू शकले नाही.

दुसरी ही की, दुसरी पसंती लिहिल्याने पहिल्या पसंतीस धक्का लागत नाही. आपला पहिला उमेदवार रिंगणात आहे तोवर दुसऱ्या आकड्याकडे कोणी पाहतही नाही. तो बाद झाल्यावरच तो आकडा कामास येतो. त्या मोजणीत १०,८३३ मूल्याच्या मतपत्रिका पुढची पसंती न लिहिल्यामुळे अखेरच्या दोघांपैकी कोणाच्याही खात्यात गेल्या नाहीत. त्या सर्व रेड्डी ह्यांस मिळत्या तरी त्यांची बेरीज ४,१६,२६० झाली असती व निकाल बदलला नसता. परंतु प्रत्येक वेळी असेच होईल असे नाही.

तिसरी ही की, पहिल्या मोजणीत पुढे असणे व अर्ध्याहून अधिकांस मान्य असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गिरी दोन्ही मोजण्यांत पुढे राहिले. आमच्या वर्गात मात्र पहिल्या मोजणीत पुढे असलेला अठरावाला दुसऱ्या मोजणीत मागे पडला. अठरा मुलांस तो सर्वांत आवडता होता हे खरे. परंतु उरलेल्या चोवीस मुलांनी त्याचे नाव आरंभी घेतले नव्हते हेही तितकेच खरे. मुलीच्या नऊ चिठ्ठ्यांत गावातील मुलांच्याही काही चिठ्ठ्या असल्याच पाहिजेत. कारण तिच्या वाडीवरून आमच्या वर्गात इतकी मुले येतच नाहीत. त्या नवांपैकी सहांनी बाहेरून आलेल्या मुलाचे नाव दुसरे लिहिले. गाव व बाहेरगाव ही भिंत पहिल्या आकड्यात दिसली, ती दुसऱ्या आकड्यात तितकी उंच राहिली नाही.

हे सर्व त्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी कागद मागितला, स्वतः बेरीज केली, आणि विचारले, “आणि ती नववी चिठ्ठी? जिच्यावर दुसरा आकडा नव्हता? ती जर माझ्या पोराला गेली असती तर?”

हिशेब सरळ होता. एकवीस व एकवीस अशी बरोबरी झाली असती, व पहिल्या पसंतीची मते अधिक म्हणून त्यांचा मुलगा निवडून आला असता. ती चिठ्ठी कोणाची, हे आम्हांस ठाऊक नाही व ठाऊक असू नये; गुप्त मतदानाचा अर्थच तो. परंतु त्याच दिवशी आम्ही वर्गात एवढेच विचारले की, दुसरा आकडा लिहिल्यास आपल्या पहिल्या उमेदवाराचे नुकसान होते असे किती जणांस वाटले होते? अकरा हात वर झाले.

येथे आमची चूक आम्हांस कबूल केली पाहिजे. नियम आम्ही मतदानाच्या दिवशी घाईने वाचून दाखविला. मोजणी कशी होते हे फळ्यावर उदाहरण मांडून दाखविले नाही. नियम न्याय्य होता, पण तो ज्यांस लागू करावयाचा त्यांस तो नीट कळला आहे की नाही हे पाहण्याचे काम आमचे होते. आम्ही तसे त्या गृहस्थांस सांगितले. निकाल फिरवावा असे ते म्हणाले नाहीत. उठता उठता म्हणाले, “गणित पटलं सर. पण पोरांना ते आधी कळायला हवं होतं.” ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून पुढील जून महिन्यात निवडणुकीच्या आधी एक पूर्ण तास ह्या धड्यास द्यावयाचे आम्ही ठरविले आहे. १९६९ चे आकडे फळ्यावर लिहू व मुलांकडूनच मोजणी करवून घेऊ. ज्या पालकांस यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. त्या गृहस्थांस आम्ही निरोप धाडलाच आहे.

जाता जाता पराभूतांविषयी दोन शब्द. देशमुखांस १९७५ साली पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते निवर्तले. रेड्डी हे १४,६५० मतांनी हरले खरे, परंतु १९७७ साली तेच राष्ट्रपतिपदावर बिनविरोध निवडून आले. आमचा अठरा मतांचा उमेदवार सध्या वर्गाच्या वाचनालयाची पुस्तके सांभाळतो, व वर्गनायक गैरहजर असल्यास हजेरीपट तोच कचेरीत नेऊन देतो. हे काम त्यास आम्ही सांगितले नाही, वर्गनायकाने सांगितले.

मुलांसाठी अभ्यास: (१) महाराष्ट्रातील २८८ आमदारांच्या मतांचे एकूण मूल्य काढा. (२) १९६९ च्या निवडणुकीत गिरी ह्यांस वाटपात १८,५६२ ऐवजी १६,००० मते मिळाली असती व बाकीची रेड्डी ह्यांस गेली असती, तर कोणाची बेरीज किती झाली असती व ४,१८,१६९ चा आकडा कोणी गाठला असता काय, ते लिहा. (३) घरातील चार-पाच माणसांस तीन भाज्यांची नावे देऊन पसंतीचे आकडे लिहावयास सांगा, व मोजणीचा निकाल वहीत मांडून आणा. मोजणीपूर्वी नियम सर्वांस समजावून सांगण्यास विसरू नका.